न्यूट्रॉन तारा किती जड होऊ शकतो? वर्गात दिलेलं एक चुकीचं उत्तर आणि त्याची दुरुस्ती

"मॅडम, न्यूट्रॉन तारा जास्तीत जास्त किती जड होऊ शकतो? त्याच्या पुढे गेला तर फुटतो का?"

ताऱ्यांच्या जीवनयात्रेचा धडा संपत आला होता आणि तास संपायला पाच मिनिटं उरली होती. मी फळा पुसत होते. मागे न वळताच मी उत्तर दिलं, "सूर्याच्या १.४ पट. त्याला चंद्रशेखर मर्यादा म्हणतात." मुलीने वहीत लिहून घेतलं. घंटा झाली.

रात्री जेवणानंतर भांडी आवरताना तो प्रश्न पुन्हा आठवला आणि हात थांबला. उत्तर चूक होतं. १.४ ही मर्यादा खरी आहे, पण ती दुसऱ्या प्रकारच्या ताऱ्याची आहे. वीस वर्षांच्या नोकरीत हे उत्तर मी आणखी किती मुलांना दिलं असेल, अल्लाह जाणे.

दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून सांगितलं की काल माझं चुकलं, १.४ खोडा. मुलीने खोडलं आणि पेन उचलून विचारलं, "मग बरोबर आकडा काय लिहू?"

तिथे मी पुन्हा अडकले. कारण बरोबर आकडा एका ओळीत लिहून देता येत नाही. शास्त्रज्ञ गेली ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं त्याच्या मागे आहेत. आज तो कुठल्या दोन आकड्यांच्या मध्ये आहे एवढं सांगता येतं, आणि तिथपर्यंत कसे पोहोचलो तेही सांगता येतं. तिला जे उत्तर द्यायला मला तीन तास लागले, ते इथे लिहिते आहे. घरात आठवी-नववीची मुलं असतील तर त्यांच्यासोबत बसून वाचा.

आधी माप ठरवू

ताऱ्यांचं वजन किलोत सांगत नाहीत, सूर्याच्या पटीत सांगतात. (शास्त्रात 'वस्तुमान' म्हणतात. बोलताना आपण 'वजन' म्हणतो, इथेही तसंच म्हणू.) सूर्य म्हणजे जवळपास ३ लाख ३३ हजार पृथ्व्या. 'दोन सूर्यांइतका तारा' म्हटलं की त्याच्या दुप्पट.

आता एक गोंधळ आधीच दूर करू. पुस्तकात लिहिलेलं असतं की सूर्याच्या साधारण ८ ते २५ पट वजनाच्या ताऱ्याचा शेवट न्यूट्रॉन ताऱ्यात होतो. मुलं विचारतात, मग न्यूट्रॉन तारा २५ पट जड असतो का? नाही. ८ ते २५ हे जन्माच्या वेळचं वजन आहे. मरताना ताऱ्याचा बराचसा भाग महास्फोटात बाहेर फेकला जातो. मागे उरतो तो फक्त गाभा. आपला प्रश्न त्या उरलेल्या गाभ्याबद्दल आहे.

तारा कोसळत का नाही?

कुठलाही तारा ही एक ओढाताण असते. गुरुत्वाकर्षण सगळा माल आत ओढतं आणि आतला दाब तो बाहेर ढकलतो. जिवंत ताऱ्यात हा दाब उष्णतेतून येतो. पोटात हायड्रोजनचं हेलियम होत असतं, भट्टी पेटलेली असते. इंधन संपलं की भट्टी विझते, पण गुरुत्वाकर्षण विझत नाही. ते ओढतच राहतं.

सूर्यासारखा तारा मेला की त्याचा श्वेत बटू होतो. साधारण सूर्याइतका माल पृथ्वीच्या आकारात दाबलेला. तो थंड झाला तरी कोसळत नाही, याचं कारण इलेक्ट्रॉन. निसर्गाचा नियम असा आहे की दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत एकत्र बसू शकत नाहीत. लग्नाच्या मंडपात एका खुर्चीवर एकच माणूस, तसं. पुढच्या खुर्च्या भरल्या की मागच्यांना मागे जावं लागतं. इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत 'मागची खुर्ची' म्हणजे जास्त वेग. गर्दी जितकी दाटेल, तितके उरलेले इलेक्ट्रॉन जास्त वेगाने पळतात आणि बाहेर दाब देतात. हा दाब उष्णतेवर अवलंबून नसतो, म्हणून तारा गार पडला तरी टिकतो.

मुंबईहून निघालेला एकोणीस वर्षांचा मुलगा

१९३० च्या जुलैअखेरीस मुंबईच्या बंदरातून एक जहाज युरोपकडे निघालं. त्यात सुब्रह्मण्यन चंद्रशेखर होते. जन्म लाहोरचा, शिक्षण मद्रासचं, वय १९. पुढच्या शिक्षणासाठी ते केंब्रिजला चालले होते. प्रवासात त्यांनी एक हिशेब मांडला.

श्वेत बटू जड होत गेला की आकुंचन पावतो, गर्दी वाढते, इलेक्ट्रॉनांचा वेग वाढतो. पण वेगाला एक हद आहे, प्रकाशाचा वेग. त्याच्या पुढे कुणालाच जाता येत नाही. म्हणजे एका टप्प्यानंतर इलेक्ट्रॉनांचा दाब वाढत्या वजनाला पुरा पडत नाही. हा टप्पा साधारण १.४ सूर्यांवर येतो. त्यापेक्षा जड श्वेत बटू असूच शकत नाही.

हीच चंद्रशेखर मर्यादा. १९३५ मध्ये लंडनच्या सभेत त्या काळातले सर्वांत नामवंत खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी या कल्पनेची जाहीर थट्टा केली. १९८३ मध्ये चंद्रशेखर यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

तर १.४ हा आकडा श्वेत बटूचा आहे. मग माझ्यासारखे शिक्षक तो न्यूट्रॉन ताऱ्याला का चिकटवतात? त्यालाही कारण आहे. मोठ्या ताऱ्याच्या पोटात शेवटी लोखंडाचा गाभा तयार होतो. लोखंडातून आणखी ऊर्जा मिळत नाही. हा गाभाही इलेक्ट्रॉनांच्याच जोरावर उभा असतो. तो साधारण याच मर्यादेपाशी पोहोचला की कोसळतो, आणि त्यातून न्यूट्रॉन तारा जन्माला येतो. म्हणून मोजलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांपैकी बरेच १.४ च्या आसपास सापडतात. १.४ हा न्यूट्रॉन ताऱ्याच्या घराचा उंबरठा आहे. मुलीने विचारलं होतं छताबद्दल.

उंबरठ्याच्या आत काय आहे

गाभा कोसळताना दाब इतका वाढतो की इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये ढकलले जातात आणि न्यूट्रॉन तयार होतात. उरतो तो जवळपास न्यूट्रॉनांचाच एक गोळा. त्याचा व्यास सुमारे २४ किलोमीटर. मुंबईकरांना सांगायचं तर चर्चगेटहून लोकल पकडून अंधेरीच्या थोडं पुढे जाईपर्यंतचं अंतर. एवढ्या जागेत सूर्यापेक्षा जास्त माल. त्यातला साखरेच्या एका चौकोनी खड्याएवढा तुकडा काढला, तर त्याचं वजन सुमारे ४० कोटी टन भरेल.

अशा एका ताऱ्याचा जन्म माणसांनी डोळ्यांनी पाहिला आहे. १०५४ मध्ये आकाशात एक नवा तारा अचानक चमकला. चीनच्या निरीक्षकांनी तो दिवसाही दिसत असल्याचं लिहून ठेवलं. अरबी ग्रंथांतही त्याची एक नोंद आहे. बगदादचे ख्रिस्ती वैद्य इब्न बुतलान यांनी हिजरी ४४६ मध्ये नवा तारा दिसल्याचं लिहिलं होतं. तेराव्या शतकातले इतिहासकार इब्न अबी उसैबिया यांनी आपल्या वैद्यांच्या चरित्रग्रंथात ती नोंद जपून ठेवली, आणि आजचे अभ्यासक ती याच स्फोटाशी जोडतात. त्या जागी आज क्रॅब तेजोमेघ दिसतो आणि त्याच्या मधोमध एक न्यूट्रॉन तारा सेकंदाला सुमारे ३० वेळा स्वतःभोवती फिरतो आहे.

पहिलं उत्तर: ०.७, आणि ते चूक होतं

न्यूट्रॉनचा शोध जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये लावला. दोनच वर्षांत वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी सुचवलं की महास्फोटानंतर न्यूट्रॉनांचा तारा उरत असावा. मग १९३९ मध्ये रॉबर्ट ओपेनहायमर आणि जॉर्ज व्होल्कॉफ यांनी आपल्या मुलीचाच प्रश्न घेतला: असा तारा किती जड होऊ शकतो?

त्यांनी खुर्च्यांचा तोच नियम न्यूट्रॉनांना लावला आणि आइनस्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताने हिशेब केला. उत्तर आलं ०.७ सूर्य. म्हणजे चंद्रशेखर मर्यादेच्या निम्मंच. हे खरं असतं तर १.४ चा गाभा कोसळल्यावर न्यूट्रॉन ताऱ्यात थांबलाच नसता, सरळ कृष्णविवर झाला असता.

गणितात चूक नव्हती. एक गोष्ट त्यात धरलेली नव्हती. न्यूट्रॉन एकमेकांच्या फार जवळ आले की त्यांच्यातलं केंद्रकीय बल त्यांना जोरात दूर ढकलतं. त्या काळात या बलाची नीट माहितीच नव्हती. हे बल ताऱ्याला जास्तीचा आधार देतं, म्हणून खरी मर्यादा ०.७ पेक्षा बरीच वर जाते. तरीही या मर्यादेच्या नावात ओपेनहायमर आणि व्होल्कॉफ यांची नावं आजही आहेत, कारण प्रश्न मांडायची पद्धत त्यांची होती.

ही मर्यादा चुकीची आहे हे आकाशानेही दाखवून दिलं. १९६७ मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थिनी जोसेलिन बेल यांना रेडिओ दुर्बिणीच्या कागदी नोंदींत दर १.३३ सेकंदांनी येणारी एक टिकटिक सापडली. तो पहिला पल्सर, म्हणजे फिरणारा न्यूट्रॉन तारा. दीपगृहाचा झोत फिरून फिरून डोळ्यांवर यावा तसे त्याचे रेडिओ झोत आपल्यावरून जातात. १९७४ चं नोबेल या शोधासाठी त्यांच्या मार्गदर्शकांना मिळालं, त्यांना नाही. २०१८ मध्ये त्यांना ३० लाख डॉलरचं एक मोठं पारितोषिक मिळालं, तेव्हा ती सगळी रक्कम त्यांनी भौतिकशास्त्रात ज्यांना सहज जागा मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकली.

१९७४ मध्येच रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांना दुसऱ्या एका न्यूट्रॉन ताऱ्याभोवती फिरणारा पल्सर सापडला. या जोडीचं वजन नेमकं मोजता आलं: एक १.४४ आणि दुसरा १.३९ सूर्य. दोघेही ०.७ च्या दुप्पट आणि दोघेही शाबूत.

मग मर्यादा आहे तरी का?

इथे वर्गातल्या एका मुलाने चांगला मुद्दा काढला. "मॅडम, न्यूट्रॉन एकमेकांना ढकलतात. वजन वाढलं की आणखी जोरात ढकलतील. मग तारा कोसळेल कशाला?"

न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणात माल ओढतो, दाब ओढत नाही. आइनस्टाइनच्या सिद्धांतात मात्र दाबातही गुरुत्वाकर्षण निर्माण करण्याची ताकद असते. रोजच्या जगात हा परिणाम इतका छोटा असतो की जाणवत नाही. न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटात दाब इतका प्रचंड असतो की तो हिशेबात धरावाच लागतो. ताऱ्याला कोसळण्यापासून वाचवण्यासाठी दाब वाढतो, आणि वाढलेला दाब स्वतःच तारा आत ओढायला मदत करतो.

जुन्या घराचं माळवद वाकलं की आपण टेकू लावतो. समजा टेकू लाकडाचा नसून असा आहे की जितका जाड कराल तितका तो माळवदावरचा भारही वाढवतो. काही वेळ घर सावरेल. एका टप्प्यानंतर प्रत्येक नवा टेकू नुकसानच करेल. न्यूट्रॉन ताऱ्याचं तेच होतं. त्या टप्प्याच्या पुढे दाब कितीही वाढला तरी कोसळणंच वेगवान होतं. म्हणून मर्यादा आहे हे नक्की, वाद आहे तो फक्त ती किती याचा.

वरची टोकाची हदही सिद्धांताने काढता येते. १९७४ मध्ये क्लिफर्ड रोड्स आणि रेमो रुफिनी यांनी एवढंच धरलं की ताऱ्याच्या आतला माल कसाही असो, त्यातून जाणारा आवाज प्रकाशापेक्षा वेगाने जाऊ शकणार नाही. तेवढ्यावरून उत्तर आलं: सुमारे ३.२ सूर्य. म्हणजे छत १.४ च्या वर आहे आणि ३.२ च्या खाली आहे. आता मधली जागा कमी करायची.

मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच देते. हद ओलांडली तर तारा फुटत नाही, आत कोसळतो. सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात त्याचं कृष्णविवर होतं. अंतर फार उरलेलंही नसतं. दोन सूर्यांचा माल सुमारे ६ किलोमीटर त्रिज्येत दाबला की कृष्णविवर होतं. न्यूट्रॉन ताऱ्याची त्रिज्या असते साधारण १२.

एवढ्या दूरचा तारा तोलतात कसा?

एकटा तारा तोलणं अवघड. जोडीत असेल तर जमतं, कारण जोडीदाराभोवतीच्या फेऱ्यांवरून वजन निघतं. पल्सर तर घड्याळासारखा नेमका, त्यामुळे त्याची टिकटिक किती लवकर-उशिरा येते त्यावरून कक्षा कळते.

याहून सुंदर एक पद्धत आहे. १९६४ मध्ये अर्विन शापिरो यांनी सांगितलं होतं की जड वस्तूजवळून जाणाऱ्या लहरीला पोहोचायला किंचित उशीर होतो, कारण तिथे अवकाशच वाकलेलं असतं. पल्सरचा जोडीदार आपल्या आणि त्याच्या मधे आला की टिकटिक सेकंदाच्या काही लाखांश भागाने उशिरा येते. त्या उशिरावरून आधी जोडीदाराचं वजन निघतं आणि मग पल्सरचं.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या ग्रीन बँक दुर्बिणीने याच पद्धतीने सेकंदाला ३१७ वेळा फिरणारा एक पल्सर तोलला. वजन निघालं १.९७ सूर्य. (नंतरच्या मोजणीत ते १.९१ च्या आसपास आलं.) या एका मापाने सिद्धांतांची बरीच पानं रद्द झाली. ताऱ्याच्या पोटातला माल 'मऊ' आहे, सहज दबतो, असं म्हणणाऱ्या अनेक मांडण्यांत इतका जड तारा टिकूच शकत नव्हता. २०१३ मध्ये २.०१ सूर्यांचा आणखी एक तारा सापडला. नंतर सेकंदाला ३४६ वेळा फिरणारा एक पल्सर तोलला गेला, त्याचं आजचं माप २.०८ आहे, त्यात ०.०७ इकडे-तिकडे.

हे जड तारे इतक्या वेगाने का फिरतात? त्यांनी जोडीदाराचा माल ओढून घेतलेला असतो. तो माल गोल फिरत येऊन पडतो, त्यामुळे तारा जड होतो आणि त्याची गिरकीही वाढते.

सगळ्यात जड म्हणून २०२२ मध्ये एक नाव पुढे आलं. सेकंदाला ७०७ वेळा फिरणारा हा पल्सर आपल्या जोडीदाराला भाजून भाजून संपवतो आहे, म्हणून त्याच्या जातीला 'काळी विधवा' असं एका कोळ्याचं नाव पडलं आहे. हवाईच्या केक दुर्बिणीने जोडीदाराचा प्रकाश तपासून पल्सरचं वजन काढलं: २.३५ सूर्य, ०.१७ इकडे-तिकडे. मात्र भाजलेल्या ताऱ्याचा पृष्ठभाग कसा तापला असेल याचा अंदाज या मोजणीत धरावा लागतो, त्यामुळे २.०८ वर जितका भरवसा आहे तितका २.३५ वर ठेवत नाहीत.

म्हणजे खालून छत किमान २ च्या थोडं वर सरकलं.

वरून आलेला पुरावा: एक टक्कर

१७ ऑगस्ट २०१७. अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळा आणि इटलीतली व्हर्गो यांच्या नोंदींत गुरुत्वीय लहरींची एक लांब खूण उमटली. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं दूर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले होते. १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत आला. मग जगभरच्या दुर्बिणी त्या दिशेला वळल्या. पुढे त्या जागेहून आलेल्या रेडिओ लहरींचा पाठपुरावा करणाऱ्यांत पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावजवळच्या खोडदची आपली जीएमआरटी दुर्बीणही होती.

दोन्ही ताऱ्यांचं मिळून वजन सुमारे २.७ सूर्य होतं. टकरीनंतर जे एकत्र झालं, त्याचं काय झालं? ते लगेच कृष्णविवर झालं असतं तर इतका तेजस्वी माल बाहेर फेकला गेला नसता. ते कायमचं टिकलं असतं तर त्याच्या गिरकीची प्रचंड ऊर्जा बाहेर पडताना दिसली असती. तेजस्वी माल दिसला, ती ऊर्जा मात्र दिसली नाही. बहुतेक अभ्यासकांचं मत असं की ते गिरकीच्या जोरावर थोडा वेळ तग धरून राहिलं आणि मग कोसळलं. त्यावरून अनेक गटांनी न फिरणाऱ्या ताऱ्याची मर्यादा साधारण २.२ ते २.३ च्या आसपास काढली. वेगाने फिरणारा तारा याहून जास्त, सुमारे एक-पंचमांश जास्त वजन पेलू शकतो.

मधल्या फटीतले अनोळखी पाहुणे

इथे गोष्ट संपली असती, तर मुलीला मी २.२ लिहून दिलं असतं. पण १४ ऑगस्ट २०१९ रोजी लायगो-व्हर्गोला एक वेगळीच टक्कर ऐकू आली. एक २३ सूर्यांचं कृष्णविवर, आणि दुसरी वस्तू २.६ सूर्यांची. ती दुसरी वस्तू काय होती? सगळ्यात जड न्यूट्रॉन तारा की सगळ्यात हलकं कृष्णविवर? प्रकाश दिसला नाही, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मीरकॅट दुर्बिणीची बातमी आली. एका दाट तारकागुच्छात एका पल्सरसोबत अशी वस्तू फिरते आहे, जिचं वजन २.०९ ते २.७१ च्या मधे आहे. तिच्याबद्दलही तोच प्रश्न. त्याआधी मे २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींत एका न्यूट्रॉन ताऱ्याशी आदळलेली २.५ ते ४.५ सूर्यांची एक वस्तू नोंदली गेली होती.

अडचण मुळात अशी आहे की त्या पोटातला माल नेमका काय आहे हे कुणाला माहीत नाही. अगदी मध्यभागी न्यूट्रॉन तसेच राहतात, की त्यांचे कण वितळून क्वार्कांचा रस होतो? जमिनीवरच्या प्रयोगशाळेत अणुकेंद्रं आपटून इतका दाट माल क्षणभर बनवता येतो, पण तो कमालीचा तापलेला असतो. ताऱ्यातला माल दाट आणि त्या मानाने थंड असतो. तसा बनवता येत नाही. म्हणून तारे तोलणं हाच रस्ता उरतो. जितका जड तारा सापडेल, तितका आतला माल कडक आहे हे कळतं.

हिंगोलीचा संबंध

पुढचं मोजमाप आपल्याच राज्यात होणार आहे, हे मुलांना मुद्दाम सांगा. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला मंजुरी दिली, खर्च २,६०० कोटी रुपये. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी नळ्या, त्यांच्या आत लेझरचा झोत. न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर झाली की ती आकाशात नेमकी कुठे झाली, हे अमेरिका आणि इटलीसोबत आपल्याकडूनही मोजलं गेल्यावर जास्त अचूक कळेल. मग दुर्बिणी लवकर वळतील, आणि कोसळण्याच्या हद्दीवरच्या आणखी टकरी पाहायला मिळतील.

ज्या मराठवाड्यात आमच्या अनेक वाचकांची नातीगोती आहेत, तिथे हे काम होणार आहे. तिथे फक्त मोठे शास्त्रज्ञ लागणार नाहीत. लेझर, निर्वात नळ्या, संगणक, इलेक्ट्रॉनिक्स सांभाळणारे लोक लागतील. आज आठवीत असलेली मुलं तोपर्यंत कामाच्या वयाची होतील.

मग वहीत काय लिहायचं?

शेवटी मुलीला हे लिहून दिलं:

१. श्वेत बटूची मर्यादा: सूर्याच्या सुमारे १.४ पट. ही चंद्रशेखर मर्यादा.

२. न्यूट्रॉन ताऱ्याची मर्यादा: २ पेक्षा थोडी जास्त हे नक्की. बहुतेक पुरावे २.२ ते २.३ कडे बोट दाखवतात. २.६ पर्यंतचं दार अजून बंद झालेलं नाही.

३. ३.२ च्या वर नाही.

४. हद ओलांडली की कृष्णविवर.

दुसरी ओळ पेन्सिलने लिही, असं सांगितलं. ती शाळेत असतानाच तो आकडा बदलू शकतो.

पुढच्या पालकसभेत तिचे अब्बा भेटले. थोडे संकोचूनच म्हणाले, "मॅडम, ही घरी फार सवाल करते. आम्हाला जवाब येत नाहीत. दहावीनंतर हिला आर्ट्सला घालायचं म्हणतोय, घराजवळ कॉलेज आहे." मी त्यांना न्यूट्रॉन ताऱ्यांचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "भाईजान, जवाब मलाही आला नव्हता. चुकीचा दिला होता. तिने विचारलं म्हणून मी पुन्हा शिकले. तिचं गणित चांगलं आहे. सायन्सचं कॉलेज किती लांब पडेल ते एकदा सोबत बसून पाहू या."

ते म्हणाले, बघतो. पुढच्या महिन्यात पुन्हा सभा आहे. बसचं वेळापत्रक मी काढून ठेवलं आहे.